अनारशातली अफू आणि आखूड बाह्यांचे स्वेटर

गेल्या दिवाळीत मी माझ्या होणाऱ्या नातजावयाला अफू खाऊ घातली. प्रेमाने, आग्रह करकरून, वर साजूक तुपाची धार सोडून. आणि हे करणारी बाई कोण, तर जिने तीस-बत्तीस वर्षं इंग्लंडात केमिस्टच्या दुकानात फार्मसिस्ट म्हणून काढली आणि मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली मंगळसूत्राइतकीच जिवापाड सांभाळली. त्या कपाटातलं मॉर्फिन आणि माझ्या स्वयंपाकघरातली खसखस या दोघी एकाच झाडाच्या लेकी आहेत, हे मला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलं होतं आणि मार्कही मिळवले होते. पण एकीला मी दुकानात ठेवलं, दुसरीला घरी, आणि उभ्या आयुष्यात दोघींची गाठ म्हणून घालून दिली नाही.

नातजावई इंग्रज, उत्तरेकडच्या एका गार गावातला. एकोणिसाव्या वर्षी सैन्यात गेला, अफगाणिस्तानात हेल्मंडला राहून आला, मग सैन्य सोडून बरीच वर्षं काहीबाही केलं, आणि आता ट्रेन-ड्रायव्हर होण्याचं शिक्षण घेत होता. त्या जागेसाठी त्याने दोन वर्षं वाट पाहिली होती, हे नात आम्हाला येता-जाता ऐकवायची. ती दोघं राहतात कॉव्हेंट्रीला, आम्ही लेस्टरला. दिवाळीतल्या रविवारी ती त्याला पहिल्यांदाच जेवायला घेऊन आली. मुलगा अबोल. पानात पडेल ते खाणारा. अशी माणसं मला फार आवडतात, कारण त्यांचा अंत बघता येतो.

बेत असा होता: खसखस-खोबऱ्याच्या वाटणातला कोंबडीचा रस्सा, खसखशीची खीर आणि अनारसे. अनारशाचं पीठ मी तांदूळ भिजवण्यापासून घरी करते. अनारसा तळताना हसला, म्हणजे तुपात विरघळून पसरला, तर करणारीची लाज जाते. त्या दिवशी एकही हसला नाही. प्रत्येकाला जाळी पडली, प्रत्येकाच्या पाठीवर खसखस अशी गच्च बसली की मीच माझी दृष्ट काढावी. मग काय, मी ताट घेऊन त्याच्या डोक्याशी उभीच राहिले.

"घे रे, एकाने काय होतंय?"

"आजी, खरंच पोट भरलं." एवढं मराठी नातीने त्याला शिकवून आणलं होतं.

"अनारशाला पोटात वेगळी जागा असते."

त्याने ताटाकडे बघितलं, नातीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खाल्ला. मग आणखी एक. मग आणखी. ती नजर कृतज्ञतेची आहे असं मी समजले. शिवाय निघताना डबाही बांधून दिला.

त्याच आठवड्यात कामावर त्याची अचानक तपासणी झाली. शिकाऊ ड्रायव्हरांची ते न सांगता लघवी तपासतात, त्यात काही नवल नाही. आणि मग एका संध्याकाळी नातीचा फोन आला.

"आजी, त्याला सस्पेंड केलंय. ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह आला. ओपिएट्स." लिंगांचा गोंधळ ती जन्मापासून घालते, एरवी मी टोकते. तेव्हा टोकलं नाही.

"तो काय म्हणतोय?"

"म्हणतो, मी काही घेतलं नाही. दॅट्स इट. मग गप्प बसतो. पुढच्या वीकमध्ये त्यांचा डॉक्टर भेटणार आहे, त्यानंतर ते डिसाइड करणार. जॉब गेला तर परत कुठेच घेणार नाहीत, आजी, कुठल्याच ट्रेनवर. तू इतकी वर्षं अशी माणसं बघितलीस ना? तुला… तुला काय वाटला तो?"

इथे एखाद्या शहाण्या आजीने म्हटलं असतं, अगं बाई, त्या दिवशी जेवायला काय होतं ते आठव. मी काय म्हटलं? मी म्हटलं, "बघू."

आपल्याकडे मोठ्यांनी 'बघू' म्हटलं की पुढचं सगळं कळतं. नातीला मराठी अर्धंमुर्धं येतं, पण हा शब्द तिला पुरता येतो. तिने फोन ठेवला.

आणि मी पुरावे गोळा करायला बसले. मुलगा दिवसभर फुलबाहीचा शर्ट घालून होता. (नोव्हेंबर होता.) जेवण झाल्यावर बागेत बराच वेळ एकटा गेला होता. (आमच्या ह्यांनी त्याला फाटकाची बिजागरी दाखवायला पाठवलं होतं.) फार बोलत नव्हता. (बोलायला मी तोंड मोकळं ठेवलं होतं कुठे?) आणि मुख्य म्हणजे अफगाणिस्तानात राहून आला होता. तिथे गेलेला माणूस, म्हटलं, हात कोरडे ठेवून कसा येईल? अशी माणसं मी काउंटरपलीकडून पाहिलेली होती, मला कोण शिकवणार!

त्या काउंटरची गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझी अक्कल तिथेच तयार झाली.

ऐंशीच्या दशकात मी कॉव्हेंट्रीत कामाला होते. वय पंचविशी-तिशीचं, साडीवर पांढरा कोट, त्यावर कार्डिगन आणि सगळ्यांच्या वर माझा तोरा. त्या वर्षांत आमच्या भागात एक तपकिरी पावडर स्वस्त झाली. गाड्यांचे कारखाने बंद पडत होते, पोरं रिकामी होती, आणि बघता बघता आमच्या दुकानात हिरव्या औषधाच्या बाटल्या न्यायला रांग लागायला लागली. मेथाडोन. हेरॉइन सुटावं म्हणून डॉक्टर लिहून देत. बाटली देताना मी प्रत्येकाला फुकटचा सल्लाही द्यायचे. पहाटे उठा, गार पाण्याने अंघोळ करा, मनात आणलं तर काय अवघड आहे! इंग्लंडच्या जानेवारीत गार पाण्याने. त्यांतल्या कुणी मला मारलं नाही, यावरून ती माणसं किती सभ्य होती ते कळावं.

हे सोमवार ते शुक्रवार. आणि शनिवारी? शनिवारी आम्ही काही बायका एका हॉलमध्ये जमून स्वेटर विणायचो. अफगाण लढवय्यांसाठी. झालं असं की एक ट्वीडचा कोट घातलेले, मिशीवाले गृहस्थ स्लाइड दाखवायला आले होते. बर्फाचे डोंगर, त्यात रशियनांशी लढणारी दाढीवाली माणसं, पायांत फाटक्या चपला. गृहस्थ दिसायला बरे होते. मी पुढच्या रांगेत बसले होते. त्यांना चहा देताना मी हळूच विचारलं, "यांना बंदुका कोण देतं?" त्यांनी डोळे मिचकावले आणि म्हणाले, "ते आपण बोलायचं नसतं." मला किती गुदगुल्या झाल्या सांगू! म्हणजे हे छुपं युद्ध, आणि त्यात आपला एक गुप्त हात. घरी येऊन मी ह्यांनाही दोन दिवस नीट उत्तरं दिली नाहीत, उगाच गूढ हसत राहिले. ह्यांना वाटलं माझी दाढ दुखतेय.

विणकाम मला कधी आलं नाही. माझ्या स्वेटरच्या बाह्या नेहमी कोपराशी संपायच्या. पण उत्साह असा की प्रत्येक स्वेटरच्या आत मी मराठीत 'विजयी भव' अशी चिठ्ठी टाचायचे. हिंदुकुशात कुणी आखूड बाह्यांचा मुजाहिद हिंडताना दिसला असेल, आतून टाचणी टोचते म्हणून रशियनांपेक्षा माझ्यावरच जास्त चिडलेला, तर तो माझा माणूस.

एक दिवस दुकानात गर्दी नव्हती म्हणून मी काउंटरमागेच विणत बसले होते. आमच्या रोजच्यांपैकी एक जण आला. हा एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा, म्हणजे वाजवणं सोडून बाकी सगळं करायचा.

"मिसेस, कुणासाठी हे? नवऱ्याचे हात तोडलेत वाटतं?"

मी ताठ होऊन सांगितलं, अफगाणिस्तानातल्या शूर लोकांसाठी.

तो हसायला लागला. खोकला लागेपर्यंत हसला. "अहो, म्हणजे तुमचा माल जातो तिकडे आणि माझा येतो तिकडून! पोस्टमन एकच असेल, त्याच्याकडे माझं नाव सांगून ठेवा."

मी त्याला असं झापलं की विचारू नका. स्वातंत्र्यासाठी लढणारी माणसं असलं काही करतील का, स्वतःच्या व्यसनासाठी दुसऱ्याला बदनाम करू नकोस, वगैरे वगैरे. त्याने बाटली खिशात टाकली, मला सलाम ठोकला आणि गेला.

पुढे कितीतरी वर्षांनी हे सगळं उघडपणे छापून यायला लागलं. अमेरिकेची आणि तिच्या दोस्तांची शस्त्रं डोंगरात चोरून पोचवली जायची, आणि त्याच वाटांवरून, कधीकधी त्याच ट्रकांतून, खाली अफू यायची. पैसा त्यातूनही उभा राहायचा. ज्यांना दिसत होतं त्यांनी मान वळवली, कारण आधी रशियनांना हरवायचं होतं. वर्तमानपत्र माझ्या हातातच राहिलं. शनिवारी मी ज्या टोकाला पार्सल करत होते, सोमवारी त्याच दोरीचं दुसरं टोक माझ्या काउंटरवर येऊन पडत होतं. आणि मी दोन्हीकडे तितक्याच आत्मविश्वासाने उभी! एकीकडे आशीर्वाद द्यायला, दुसरीकडे गार पाण्याची अंघोळ सांगायला. त्या ड्रमवाल्याला शोधून माफी मागावी असं फार वाटलं. तोवर तो कुठे गेला होता, कुणालाच माहीत नव्हतं.

तर एवढं सगळं अंगावरून गेलेली मी, पुन्हा तशीच ठाम. दोन दिवस होणाऱ्या नातजावयाला मनातल्या मनात गुन्हेगार ठरवून बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तसाच रस्सा करायचा म्हणून खसखस भाजत होते. हे सोफ्यावर शब्दकोडं सोडवत होते.

"अगं, अफू कशापासून मिळते? इंग्रजीत पाच अक्षरं."

"पॉपी," मी खसखस हलवत म्हटलं.

"बसलं." पेन्सिल चालली. "आणि तू काय भाजतेयस? वास छान येतोय."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं ते तसंच राहिलं. खसखस करपली. ह्यांनी मान वर करून आधी कढईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "खीर पण होती ना गं?"

"होती."

"आणि अनारसे."

"अहो, गप्प बसा."

"डबा पण दिलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कॉव्हेंट्रीला. नात शाळेत शिकवायला गेलेली, तो एकटाच घरी. दाढी वाढलेली, समोर थंड झालेला चहा. मी चपला काढायच्या आतच सांगून टाकलं. खसखस म्हणजे काय, त्या दिवशी किती पदार्थांत होती, चूक सगळी माझी. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला (तो इंग्रजीत बोलतो, मी मराठीत सांगते), "मला माहीत होतं, आजी."

"काय माहीत होतं?"

"ती खसखस आहे ते. आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात, पॉपीच्या बिया लावलेला पाव खाऊ नका. तुमच्या अनारशावर त्या बघितल्याबरोबर ओळखल्या."

"मग मेल्या, खाल्लेस कशाला?"

"तुम्ही ताट घेऊन उभ्या होतात."

ह्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. खांदे हलत होते, म्हणजे हसत होते.

"मग त्या लोकांना का नाही सांगितलंस?"

त्याने कप फिरवला. म्हणाला, सैन्यात जो कुणी सापडायचा, तो हेच सांगायचा, पॉपीच्या बिया खाल्ल्या. ही सबब इतकी वापरून झालीय की खरी असली तरी सांगताना माणूस खोटारडा वाटतो. आणि पहिल्यांदाच तुमच्या घरी जेवलो, त्याचा दोष तुमच्या हातच्या जेवणाला कसा लावू? डॉक्टरला फक्त एवढंच सांगणार, मी ड्रग घेत नाही.

मग तो आपणहून हेल्मंडबद्दल बोलायला लागला. नातीलाही त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. कमरेइतक्या उंच पॉपीतून ते गस्त घालायचे. फुलं इतकी सुंदर की फोटो काढावासा वाटे. हुकूम होता, पिकाला धक्का लावायचा नाही, कारण शेताचा मालक आपल्या बाजूचा. काही रात्री त्यांच्या तळावर वेगळीच माणसं यायची, गणवेश नाही, नावं नाहीत. ती त्या मालकाबरोबर चहा पीत बसायची आणि पहाटे त्याचीच माणसं घेऊन कुठेतरी जायची. "मी एकदा सार्जंटला विचारलं, हा काय पिकवतो ते यांना दिसत नाही का? सार्जंट म्हणाला, तू दार सांभाळ." त्याच्या तुकडीतला एक जवळचा मित्र घरी परतल्यावर त्याच पावडरीत गेला. "म्हणून, आजी, मी त्या वस्तूच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही."

मग मी त्याला माझे स्वेटर सांगितले. ट्वीडचा कोट, मिचकावलेला डोळा, कोपराशी संपणाऱ्या बाह्या, टाचणीसकट सगळं. तो इतका हसला की चहा सांडला.

"म्हणजे आमच्या आधी तुम्ही तिथे होतात!"

"होते. आणि मलाही कुणी काही सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं तरी होतंत."

"विचारलं आणि त्याने डोळा मिचकावला म्हणून खूश झाले. तू निदान दार सांभाळलंस. मी तर लाजले."

ठरलं. डॉक्टरच्या भेटीला मी बरोबर जाणार. तो नको म्हणाला. मी म्हटलं, अनारशाला नाही म्हणता आलं नाही, आता मला काय म्हणणार आहेस!

डॉक्टर तरुण मुलगी होती, गुजराती घरातली असावी, कारण खसखस म्हटल्यावर तिची भुवई हलली नाही. तिने नीट समजावलं. प्रयोगशाळेने तोच नमुना पुन्हा तपासला होता. हेरॉइन घेतलं तर शरीरात एक खास खूण राहते, जी खसखशीतून येत नाही. ती खूण सापडली नव्हती. "पण ती फार वेळ टिकत नाही, त्यामुळे तेवढ्यावर मी सोडू शकत नाही. काय खाल्लं ते सविस्तर सांगा."

तो म्हणाला, "गोड पदार्थ. थोडेसे."

"थोडेसे?" मी उसळले. "डॉक्टर, हा मला वाचवतोय. रश्श्यात वाटीभर खसखस होती. खीर सगळी खसखशीचीच. आणि अनारसे तर मी ह्याच्या घशात कोंबले म्हणा."

"अनारसे किती?"

"पाहुण्याने किती खाल्ले ते मोजत नाहीत आमच्यात."

"अहो, मला काहीतरी लिहावं लागेल."

"मग लिहा, नाही म्हणेपर्यंत आणि त्यानंतरही."

तिने ओठ दाबून धरले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही स्वतः काय करत होतात? नोकरी?"

आता हे सांगणं भाग होतं. "फार्मसिस्ट," मी जमिनीकडे बघत म्हटलं. तेव्हा मात्र ती मोठ्याने हसली. मी पिशवीतून खसखशीचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं, आमच्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानातलं, तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि तपासायला ठेवून घेतलं. त्याला बजावलं, पुन्हा बिया खाल्ल्यास तर ऐकून घेणार नाही. मला बजावलं, आग्रह कमी करा. पहिलं होईल.

आठवड्याभराने निरोप आला. नोकरी शाबूत. नातीने फोनवर एवढा आरडाओरडा केला की ह्यांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं. त्या रविवारी दोघं पुन्हा जेवायला आली. मी साधा वरणभात, बटाट्याची भाजी आणि दुकानातून आणलेलं श्रीखंड ठेवलं, आणि प्रत्येक डब्यावरचं लेबल त्याला वाचायला दिलं.

जेवण झाल्यावर नात आजोबांबरोबर भांडी आवरत होती. तो आणि मी बागेत उभे होतो. सगळं मिटलं होतं, गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण त्याने मित्राबद्दल सांगितलं होतं ते मला झोपू देत नव्हतं. मी म्हटलं, "एक सांगायचं राहिलंय. खसखस आठवायच्या आधी दोन दिवस मी धरून चालले होते, की तू घेतोस. तू तिकडे राहून आलास म्हणून. नातीने विचारलं, तर तुझ्या बाजूने एक शब्द बोलले नाही."

तो खिशातले हात काढून माझ्याकडे वळला. भाषा मी बदलतेय, शब्द त्याचेच:

"दोनच दिवस, आजी? माझी आई अजून माझ्या बॅगा तपासतेय."